नाळेतली वाघीण

१

फोटो सुंदर होता, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. कोवळं ऊन, दवानं भिजलेलं गवत, गवतात कोळ्याचं एक जाळं थेंबांनी लगडलेलं, आणि त्या सगळ्यातून घरच्या अंगणात फिरावं तशी चाललेली एक तरुण वाघीण. मांडीवरचा एक पट्टा असा वळलेला, की कुणी शाईत बोट बुडवून सहाचा आकडा काढलाय असं वाटावं. वनखात्याच्या ऑफिसातल्या मंडळींनी तिचं नाव ठेवलं षष्ठी.

अडचण एकच होती. जंगलात झाडाला बांधलेल्या ज्या कॅमेऱ्यानं तो फोटो आपोआप टिपला असं सगळे म्हणत होते, तो कॅमेरा सांभाळणारी संशोधक मुलगी म्हणत होती, "हा फोटो माझ्या कॅमेऱ्यातला नाहीच."

आणि या एका वाक्यावर एक अख्खा डोंगर टांगणीला लागला होता. पूर्वेला एक जंगल, पश्चिमेला एक जंगल. मधे शेतं, वस्त्या आणि मोठा रस्ता. रस्ता एका ठिकाणी डोंगराच्या पोटातून, बोगद्यातून जायचा. म्हणून डोंगरावर तेवढा झाडीचा चिंचोळा पट्टा शाबूत राहिला होता. दोन्ही जंगलांना जोडणारा तो एकच धागा. लोक त्याला नाळ म्हणत. आता एका कंपनीला तिथं दगडाची खाण काढायची होती. "नाळेतून वाघ जातो याचा पुरावा कुठाय?" असा त्यांचा सवाल होता. परवानगी देणाऱ्या समितीची सुनावणी तोंडावर आली होती, आणि षष्ठीचा फोटो हे त्या सवालाचं उत्तर होतं.

तेच उत्तर खोटं निघालं तर?

मुख्य कार्यालयानं चौकशीसाठी डॉक्टरीणबाईंना पाठवलं. त्या खात्यातल्या जनावरांच्या डॉक्टर. ना या बाजूच्या, ना त्या बाजूच्या. जन्म गेला होता वाघ-बिबट्यांना टाके घालण्यात. "जनावर खोटं बोलत नाही, फार तर चावतं," असं त्या म्हणत. माणसांची चौकशी करायची म्हटल्यावर त्यांना मनातून धडकीच भरली होती.

२

"कार्डातला एकेक फोटो मी बघितलाय," संशोधक मुलगी म्हणाली. तिच्या टेबलाकडे ऑफिसातलं कुणी फिरकत नव्हतं. चहासुद्धा ती स्वतःच आणत होती. "सांबर, रानडुकरं, साळिंदर आणि एक भटकं कुत्रं. वाघ नाही."

"नजरचूक झाली असेल."

"डॉक्टर, वाघ काय सुईएवढा असतो?"

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "कार्ड बघू."

"ते पुसून परत कॅमेऱ्यात घातलं. नेहमीची पद्धत आहे. फोटोंचं फोल्डर मी साहेबांना दिलं होतं, आणि दोन दिवसांनी त्यात ही वाघीण निघाली. खालची पट्टी बघा. तारीख, वेळ सगळं तिथं असतं. ती कापलेली आहे."

"मग गप्प का नाही बसलीस? नाळ वाचत होती ना?"

मुलीनं मान खाली घातली. "खाणवाल्यांनी हेच शोधून काढलं असतं तर? मग पुढे खरा वाघ त्यांच्या दारात नेऊन बांधला असता, तरी कुणी विश्वास ठेवला नसता."

पूर्वेच्या जंगलाचे आणि नाळेचे वनाधिकारी, म्हणजे इथले साहेब, वाळक्या लाकडासारखे किडकिडीत होते. निवृत्तीला आलेले. त्यांनी आवाज चढवला नाही, पण बोलताना त्यांचा हात टेबलाची कड घट्ट धरून होता.

"फोटो माझ्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर, त्याच फोल्डरमध्ये होता. तिच्या नजरेतून सुटला. मी रागावलो तिला, म्हणून ती हट्टाला पेटली. बाई, या नाळेतली निम्मी झाडं मी उमेदवारीच्या काळात लावलीत. माझ्यावर संशय असेल तर खुशाल घ्या."

"झाडं लावणाऱ्याला ती वाचवावीशी वाटणारच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. साहेबांनी त्यांच्याकडे टक लावून बघितलं आणि खिडकीबाहेर नजर वळवली.

उरला नाळेचा गार्ड. कार्ड काढून आणायचं काम त्याचं. मिशीला पीळ देत तो सांगू लागला, "फोटोचं काय घेऊन बसलात? मी या डोळ्यांनी बघितली षष्ठीला! हा एवढा सहाचा आकडा!"

"कुठल्या मांडीवर?"

"दोन्ही मांड्यांवर!"

"वाघाच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात हो," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "उजवीकडची नक्षी वेगळी, डावीकडची वेगळी."

गार्डच्या मिशीचा पीळ सुटला. "नाही बघितली मी," तो पुटपुटला. "पण साहेब इतके खूश होते. इतक्या वर्षांत त्यांना असं बघितलं नव्हतं. म्हटलं, आपणही एक शब्द टाकावा. पाप लागतं का त्यानं?"

डॉक्टरीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी मला तो कॅमेरा दाखवा."

३

नाळ म्हणजे खरोखर नाळच. एका बाजूला उभं राहिलं की झाडांच्या फटींतून दुसऱ्या बाजूची शेतं दिसायची. पायाखाली, डोंगराच्या पोटातून, गाड्यांची घरघर येत होती. वर मात्र पाखरं, ओला पाचोळा, आणि मधून जाणारी एक मळलेली पायवाट. ती माणसांनी पाडली नव्हती.

कॅमेरा एका जाड खोडाला पट्ट्यानं बांधलेला होता. डॉक्टरीणबाई गुडघ्यावर बसल्या, कॅमेऱ्याच्या उंचीला डोळे आणले आणि हातातला फोटो समोर धरला. मागचं गवत म्हणजे गवतासारखं गवत. त्यावरून काही कळेना.

"हा नेहमी इकडेच तोंड करून असतो?"

"हो," मुलगी म्हणाली. "उत्तरेकडे. दुसरीकडे वळवला तर उन्हानं फोटो जळतात."

डॉक्टरीणबाई बसल्या बसल्या आजूबाजूला बघू लागल्या. सूर्य उजवीकडून, पूर्वेच्या जंगलावरून वर आला होता. समोरच्या गवताची, झाडांची, गार्डच्या लांबुळक्या पायांची, सगळ्यांच्या सावल्या डावीकडे पडल्या होत्या.

फोटोत वाघिणीची सावली उजवीकडे होती.

"मग फोटो संध्याकाळचा असेल," गार्ड आशेनं म्हणाला.

"आणि दव? संध्याकाळी कोळ्याच्या जाळ्यावर दवाचे थेंब कुठून येणार?"

खालून एक जड गाडी गेली आणि जमीन किंचित थरथरली.

"पोरी, तुझं खरं आहे," डॉक्टरीणबाई उठत म्हणाल्या. मुलीचा चेहरा उजळला नाही. उलट तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं ठरणं म्हणजे नाळ जाणं, हे तिलाही कळत होतं.

"फोटो इथला नाही. आता एवढंच शोधायचं, की ही वाघीण आहे कुठली. तुमच्या वाघांच्या फोटोंच्या अल्बममध्ये आहे?"

"सगळा अल्बम धुंडाळला. पूर्वेच्या जंगलात मांडीवर सहा असलेला एकही वाघ नाही."

"आणि पश्चिमेच्या?"

मुलगी कसनुसं हसली. "त्यांचा अल्बम आम्हाला बघायला मिळत नाही. का, ते साहेबांच्या घरी विचारा."

४

साहेबांचं घर ऑफिसच्या मागेच होतं. त्यांची बायको शाळेत चित्रकला शिकवायची. अख्खा स्टाफ तिला वहिनी म्हणायचा. खोलीभर दोऱ्या बांधून त्यांवर मुलांच्या कामाचे कागद वाळत घातले होते. मुलांनी खोडरबरावर आपापली नावं कोरून ती रंगात बुडवून छापली होती.

"पहिल्यांदा कोरताना पोरं अक्षरं सरळच कोरतात," चहा ओतत वहिनी म्हणाल्या. "मग छापल्यावर उलटी उमटतात, की झालं रडगाणं सुरू. खोडरबरावर उलटं कोराल तेव्हा कागदावर सुलटं येईल, हे डोक्यात शिरायला वेळ लागतो."

तेवढ्यात फोन वाजला. साहेब कप तसाच ठेवून उठले आणि एक शब्द न बोलता अंगणात गेले.

"धाकट्या बहिणीचा आहे," वहिनी ओशाळून म्हणाल्या. "पश्चिमेच्या जंगलाचे अधिकारी म्हणजे तिचे यजमान. हे दोघे सख्खे साडू. पण एका जीपवरून बिनसलं. जीप इकडे द्यायची ठरली होती ती तिकडे गेली, आणि तेव्हापासून दोघांचा छत्तीसचा आकडा. ऑफिसचे कागदसुद्धा वरून फिरून येतात. आम्ही बहिणी मात्र रोज बोलतो. आम्हाला कुठं जीप हवी होती?"

डॉक्टरीणबाई हसल्या. आणि हसता हसता थांबल्या.

छत्तीसचा आकडा. तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. म्हणजे सहाला आरशात बघितलं, तर...

त्यांनी पिशवीतून फोटो काढला. साध्या पातळ कागदावरची प्रत होती. तो पालथा करून त्यांनी खिडकीच्या काचेवर टेकवला. बाहेरचं ऊन कागदातून आरपार आलं. वाघीण आता उलट्या दिशेनं चालत होती. सावली तिच्याबरोबर फिरली होती. आणि मांडीवर स्वच्छ, ठसठशीत तीनचा आकडा होता.

मागे कपबशी खडखडली. डॉक्टरीणबाईंनी वळून बघितलं नाही. फोटो घडी करून पिशवीत ठेवला, चहा संपवला आणि पश्चिमेच्या जंगलाकडे निघाल्या.

५

"ही? ही तर आमची तृतीया!" पश्चिमेचे अधिकारी गडगडाटी हसले. देहानं आणि आवाजानं ते आपल्या साडूच्या दुप्पट होते. "मांडीवर तीन, म्हणून तृतीया. ही बघा."

त्यांच्या घरच्या बैठकीच्या भिंतीवर फोटोच फोटो होते, आणि त्यांत तीही होती. तेच ऊन, तेच गवत, दवबिंदूंचं तेच जाळं. फक्त सगळं उलट्या अंगाला. पूर्वेकडच्या फोटोत नसलेली खालची पट्टी इथे होती.

"म्हणजे त्यानं माझी वाघीण चोरून आपल्या नावावर लावली! बघतोच मी आता!"

"त्यांना फोटो मिळाला कसा?"

"तेच तर! मी त्याच्या ऑफिसला कागदाचा कपटासुद्धा देत नाही."

डॉक्टरीणबाई भिंतीवरचे बाकीचे वाघ बघत होत्या. मोठे, रुबाबदार वाघ. पण जवळजवळ प्रत्येकाच्या शेपटीचं टोक दुमडलेलं, आकड्यासारखं.

"शेपट्या बघताय? ती आमची खूण," अधिकारी छाती फुगवून म्हणाले. "असा वाघ दुसरीकडे मिळायचा नाही."

डॉक्टरीणबाईंना त्यात मिरवण्यासारखं काही दिसलं नाही. तुटक्या, चहूबाजूंनी कोंडलेल्या जंगलांत त्यांनी हे आधीही बघितलं होतं. पिढ्यान् पिढ्या आपसातच जोड्या जमल्या, बाहेरचं रक्त आलं नाही, की आधी शेपटीला पीळ पडतो. मग पिल्लं अधू निपजतात. मग निपजतच नाहीत.

पाण्याचे पेले घेऊन वहिनींची धाकटी बहीण आली. टेबलावरचा फोटो बघून तिचा हात थबकला. पेले कसेबसे ठेवून ती आत गेली. डॉक्टरीणबाई निघाल्या तेव्हा मात्र ती फाटकापाशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"ताईला मीच पाठवते फोटो. मुलांना चित्रात पट्टे काढायला शिकवते ती. यांना माहीत नाही." तिनं मागे घराकडे नजर टाकली. "तिला काही करू नका हो, डॉक्टरबाई. तिनं काहीही केलं असलं तरी."

६

शाळा सुटली होती. चित्रकलेच्या वर्गात वहिनी बाकांवरचे रंगाचे डाग पुसत होत्या. डॉक्टरीणबाई एका बुटक्या बाकावर बसल्या.

"फोटो करणाऱ्याला हे माहीत होतं, की पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो. म्हणून त्यानं तो उलटा केला, कुणी ओळखू नये म्हणून," त्या हळूहळू म्हणाल्या. "पण सावल्यांची दिशा कुणी तपासेल, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. म्हणजे तो जंगलात काम करणारा नाही. उलट-सुलट मात्र त्याला सहज दिसतं. फोल्डर साहेबांच्या घरी आलं होतं, म्हणजे तो घरातलाच. आणि दोन ऑफिसांमधली दारं बंद असताना पश्चिमेचा फोटो पूर्वेला यायला एकच वाट उघडी होती. दोन बहिणींच्या फोनची."

वहिनींनी फडकं खाली ठेवलं.

"मी त्यांना विचारलं असतं तर त्यांनी हात तोडून दिला असता, पण असलं काही करू दिलं नसतं," त्या म्हणाल्या. "दोन दिवस जेवले नव्हते. फोल्डर परत परत उघडायचे. सांबर, डुक्कर, कुत्रं. म्हणायचे, 'अगं, जातो तिथून वाघ. मला माहीत आहे. पण माझ्या माहितीला कोण विचारतं?' म्हटलं, एक फोटो. कुणाचं काय बिघडणार आहे?"

"मग?"

"सकाळी त्यांनी मला हाक मारली. 'अगं ये, लवकर ये, बघ कोण आलंय! माझ्याही नजरेतून सुटली होती!' लहान मुलासारखे नाचत होते हो खोलीभर. डोळ्यांत पाणी. तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना नाचताना बघितलं नव्हतं. सांगणारच होते मी, अगदी जिभेवर आलं होतं. पण त्या तोंडाकडे बघून नाही बोलवलं. मग त्या पोरीला ते रागावले, तेव्हा तर..." त्यांनी तोंड झाकून घेतलं. "तिचं मी वाईट केलं. नाळेचंही."

दुखावलेल्या वाघाला झोपवता येतं. माणसाला कसं झोपवणार? डॉक्टरीणबाईंनी वहिनींच्या पाठीवर हात ठेवला.

"मला खरं तेच लिहावं लागेल," शेवटी त्या म्हणाल्या.

"लिहा. त्यांना मात्र मी सांगते. घरी जाऊन, आत्ताच."

डॉक्टरीणबाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. भिंतीवर मुलांनी काढलेले वाघ होते: कुणाचा पाय आखूड, कुणाचं डोकं भोपळ्याएवढं, आणि सगळ्यांच्या शेपट्या सरळसोट.

सरळ शेपट्या! त्यांनी घाईघाईनं पिशवी उघडली.

७

"तृतीयेची शेपटी बघ," त्यांनी धापा टाकत संशोधक मुलीला सांगितलं. "पश्चिमेत सगळ्यांच्या शेपट्या दुमडलेल्या. हिची एकटीची चाबकासारखी सरळ. ही पोर त्या घराण्यातली नाही. ती बाहेरून आलीय."

मुलीनं फोटो सुलटा केला आणि पूर्वेचा अल्बम नव्यानं उघडला. "मी सहा शोधत होते," ती स्वतःशीच बोलली. "तीन शोधायलाच हवा होता, पण असा आकडा असलेला मोठा वाघ तर आमच्याकडे..."

"मोठा नको. पिल्लं बघ. पट्टे जन्मापासून तेच राहतात."

अल्बमच्या शेवटी एक कोपरा होता: पुन्हा न दिसलेल्यांचा. मेलेच असतील, असं धरून ज्यांची आशा सोडली होती ते. तिथं पाणवठ्यावर आईला बिलगून उभं एक बछडं होतं. कानांपेक्षा पंजे मोठे. मांडीवर, नखाएवढा, तीन.

मुलीनं डॉक्टरीणबाईंची मनगटं घट्ट धरली.

पूर्वेत जन्मलेली पोर पश्चिमेत वयात आली होती. मधे कुंपणं, वस्त्या आणि गाड्यांचा लोंढा. पायाखाली झाडी मिळेल अशी वाट एकच, डोंगरावरची. ज्या फोटोनं खोटं सांगितलं होतं, त्याच फोटोत खरं दडलेलं होतं. दोन अल्बम एका टेबलावर कधी आलेच नव्हते, म्हणून ते कुणाला दिसलं नव्हतं.

सुनावणीला साहेब स्वतः पहिले उभे राहिले. षष्ठीचा फोटो त्यांनी समितीपुढे ठेवला आणि म्हणाले, "हा खोटा आहे. माझ्या घरात तयार झाला, मला कळलं नाही, ही माझी चूक. जिनं हे आधी सांगितलं, तिला मी रागावलो. त्याबद्दल तिची इथं, सगळ्यांसमोर माफी मागतो." मागच्या रांगेतून वहिनी उठल्या. "हात माझा होता," एवढंच बोलून त्या उभ्याच राहिल्या.

खाणवाल्यांच्या वकिलाचा चेहरा फुलला. तो फार वेळ फुललेला राहिला नाही. मुलीनं बछड्याचा आणि तृतीयेचा, असे दोन खरे फोटो शेजारी शेजारी ठेवले.

"गेली असेल शेतांतून," वकील म्हणाला. "नाळेतूनच गेली याचा कॅमेऱ्याचा पुरावा नाही."

"वकीलसाहेब!" दारातून गडगडाटी आवाज आला. पश्चिमेचे अधिकारी न बोलावता आले होते. मागे धाकटी होती. बहुधा तिनंच ढकलत आणलं असावं. "इतक्या शेतांतून वाघीण गेली असती तर एक गाय, एक शेळी, निदान एक बोंब तरी उठली असती की नाही? आणि आमच्याकडे सरळ शेपटीचं पोर जन्मून किती काळ लोटला, ते मला विचारा. मी मूर्ख त्या वाकड्या शेपट्या मिरवत होतो. डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं, की माझं जंगल आतून कुजत चाललंय. ही पोर पूर्वेकडून आमच्याकडे सासरी आलीय. सासर-माहेरची वाट कुणी सुरुंग लावून उडवतं का?"

साडूकडे त्यांनी बघितलं नाही. पण बसायला जागा त्याच्या शेजारचीच घेतली.

समितीनं नाळेतल्या खाणीला परवानगी नाकारली. त्याबरोबरच साहेबांकडून जंगलाचा कारभारही काढून घेतला. नोकरीचे राहिलेले महिने त्यांनी मुख्य कार्यालयात कागद हलवत काढायचे होते. वहिनींना शाळेनं खडसावलं, पण ठेवून घेतलं. जाण्याआधी दोन्ही जंगलांचे अल्बम एकत्र लावून द्यायचं काम साहेबांनी मागून घेतलं. एका साडूनं एक अल्बम आणला, दुसऱ्यानं दुसरा, आणि लांब टेबलाच्या दोन टोकांना दोघं बसले.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाई एका बिबट्याच्या पिल्लाला बाटलीनं दूध पाजत असताना मुलीचा फोन आला.

"डॉक्टर, आणखी एक सापडला! नर आहे. पश्चिमेत जन्मला, आता आमच्याकडे पूर्वेत फिरतोय. वाट दोन्हीकडून चालू आहे!"

"वा! आणि तुमचे दोघं साडू?"

मुलीनं सुस्कारा सोडला. मागून दोन चढलेले आवाज ऐकू येत होते, एक गडगडाटी आणि एक किरटा. "सकाळपासून भांडतायत. तो वाघ कुणाचा, यावरून."

डॉक्टरीणबाई हसल्या. पिल्लानं बाटली सोडून त्यांच्याकडे बघितलं.

"भांडू देत ग," त्या म्हणाल्या. "बोलतायत ना?"